चार काळे चौरस : भौमितिक आकारांतील भावाविष्कार

डिझाइनच्या प्राथमिक अभ्यासक्रमात अनेक कलाशाळांतून दिला जाणारा एक स्वाध्याय दिसायला अगदी साधा आहे. विद्यार्थ्याने पांढऱ्या कागदावर चौरस चौकट आखायची, काळ्या कागदातून एकाच मापाचे चार चौरस कापायचे आणि केवळ त्यांच्या मांडणीतून क्रम, वाढ, ठळकपणा, दाटी, ताण आणि खेळकरपणा या सहा कल्पना, प्रत्येकीसाठी वेगळी चौकट घेऊन, पाहणाऱ्यापर्यंत पोहोचवायच्या. चौरस एकमेकांना टेकवता येतात, एकमेकांवर चढवता येतात, चौकटीच्या कडेने कापले जातील इतके बाहेर सरकवता येतात. मात्र रंग, चेहरा, अक्षर, बाण यांपैकी कशाचाही आधार घेता येत नाही. ज्यूडिथ आणि रिचर्ड वाइल्ड यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या दृश्यसाक्षरतेवरील पुस्तकात हा स्वाध्याय सविस्तर मांडला आहे.

यातली 'क्रम' ही चौकट कोणालाही जमते, कारण दोनाखाली दोन चौरस सारख्या अंतरावर ठेवले की काम होते. 'दाटी' दाखवताना नवशिके विद्यार्थी बहुधा चारही चौरस मध्यभागी गोळा करतात, आणि मग असे लक्षात येते की त्यातून दाटीऐवजी थंडीत अंग चोरून बसलेल्यांचा घोळका दिसतो, कारण भोवती मोकळी जागा भरपूर उरलेली असते. दाटी भासण्यासाठी चौरस मोठे घेऊन ते चौकटीच्या कडांपर्यंत असे दामटावे लागतात की पांढऱ्या कागदाच्या केवळ चिरा शिल्लक राहाव्यात. सर्वांत अवघड ठरतो तो 'ताण'. चारही चौरस वेडेवाकडे तिरके केले की चित्र खेळकर होते, ताण येत नाही. तीन चौरस सरळ, स्वस्थ ठेवून चौथा किंचित कलता करावा आणि त्याचा एक कोपरा शेजारच्या चौरसाच्या कडेपासून जेमतेम एक मिलिमीटरवर थांबवावा, म्हणजे ताण निर्माण होतो. तेच अंतर दोन सेंटिमीटर केले तर काही घडत नाही. कोपरा कडेला टेकवला तर जे घडायचे ते घडून गेलेले असते आणि ताण निवतो. एवढ्याशा फटीत पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि ही फट तर नुसता कोरा कागद असतो.

सहाही चौकटींत आकार तोच, रंग तोच, संख्या तीच असते आणि तरीही प्रत्येक चौकट वेगळी वृत्ती घेऊन उभी राहते, यावरून एक गोष्ट उघड होते. चौरस या आकाराला स्वतःची अशी ठरलेली भावना नाही. भावना उपजते ती दोन आकारांमधील अंतरातून, त्यांच्या कलातून, सापेक्ष आकारमानातून आणि चौकटीच्या कडांशी असलेल्या त्यांच्या नात्यातून. भौमितिक आकारांच्या भावार्थाविषयी गेल्या शतकभरात जे लिहिले गेले त्यात हे तत्त्व वारंवार हाती लागते आणि वारंवार निसटते, कारण 'वर्तुळ म्हणजे शांती, त्रिकोण म्हणजे आक्रमण' अशा तयार कोष्टकाचा मोह भल्याभल्यांना आवरलेला नाही.

पुढे जाण्यापूर्वी 'अमूर्त' या संज्ञेची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ज्या चित्रात झाड, माणूस, घर अशी ओळखता येणारी वस्तू दाखवण्याचा हेतू नसतो आणि आकार, रंग, रेषा, पोत व अवकाश, म्हणजे आकारांच्या आतली व भोवतालची जागा, हेच चित्राचे विषय असतात, त्या चित्राला येथे अमूर्त म्हटले आहे. भौमितिक आकार वापरले म्हणजे चित्र अमूर्त झाले असे नाही. वारली चित्रांत माणसाचे धड दोन त्रिकोणांनी, डोके वर्तुळाने काढले जाते आणि लग्नाचा चौक चौकोनाने बांधला जातो, पण ती चित्रे माणसे, नाच, शेते आणि देवता दाखवतात. त्यांना अमूर्त म्हणणे हा त्यांच्या आशयावर अन्याय होईल. तसेच आकारांची पुनरावृत्ती करून पृष्ठभाग सजवणारी नक्षी हीसुद्धा वेगळी कोटी आहे. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांना संकल्पचित्राचा विषय आठवत असेल. त्यात वर्तुळे, त्रिकोण, चौरस यांनी दिलेला आकार भरायचा असतो, आणि तो भरताना तोल, सममिती व रंगसंगती यांना गुण असतात. नक्षी डोळ्याला विसावा देते. भावदर्शी रचना त्याच आकारांतून डोळ्याला अस्वस्थ करू शकते, किंबहुना तिने कधी स्वस्थ करावे आणि कधी अस्वस्थ करावे हे चित्रकाराच्या हाती राहते, आणि हाच दोहोंतला महत्त्वाचा भेद आहे.

या विषयाची पद्धतशीर मांडणी करणारा पहिला मोठा चित्रकार वासिली कान्डिन्स्की (1866–1944) होय. मॉस्कोत जन्मलेल्या आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने कलेतील आध्यात्मिकतेवरील आपले पुस्तक 1911च्या अखेरीस म्युनिकमध्ये प्रसिद्ध केले आणि संगीत ज्याप्रमाणे कोणत्याही वस्तूचे अनुकरण न करता मन हेलावते, त्याप्रमाणे चित्रालाही वस्तूंच्या आधाराशिवाय मनाशी बोलता येईल, असा दावा त्यात केला. 1922 साली तो जर्मनीतील बाउहाउस या कला व वास्तुशिक्षणाच्या संस्थेत शिकवू लागला आणि तिथे त्याने या दाव्याला जवळपास व्याकरणाचे रूप देण्याचा प्रयत्न केला. 1923 साली त्याने संस्थेतील लोकांना एक प्रश्नपत्रिका वाटली : त्रिकोण, चौरस आणि वर्तुळ हे तीन आकार आणि पिवळा, लाल, निळा हे तीन रंग यांच्या जोड्या लावा व कारण सांगा. बहुसंख्यांनी त्रिकोणाला पिवळा, चौरसाला लाल आणि वर्तुळाला निळा रंग दिला, आणि कान्डिन्स्कीच्या स्वतःच्या मताशी हे उत्तर तंतोतंत जुळले. अर्थात उत्तरे देणारे त्याच्याच संस्थेत वावरणारे होते, हे विसरून चालत नाही. गुरूला काय आवडते हे वर्गाला बरेचदा आधीच ठाऊक असते. तरीसुद्धा ऑस्कर श्लेमर या सहकाऱ्याने मतभेद नोंदवलाच, त्याच्या मते वर्तुळ लाल असायला हवे होते. पुढे 2002 साली थॉमस याकोबसेन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने कलेचे शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला तेव्हा जोड्या बदलल्या : सूर्यामुळे वर्तुळ पिवळे झाले आणि रस्त्यावरील धोक्याच्या पाट्यांमुळे त्रिकोण लाल झाला. आकार आणि रंग यांचे सनातन नाते असल्याचा कान्डिन्स्कीचा सिद्धान्त टिकला नाही, असे म्हणावे लागते.

टिकले ते त्याच्या 1926 सालच्या 'बिंदू, रेषा ते पृष्ठ' या पुस्तकातील निरीक्षण. तिथे तो आकारांकडे स्थिर वस्तू म्हणून पाहत नाही, त्यांच्यात काम करणारी बले म्हणून पाहतो. त्याच्या मते बिंदू हा थांबलेला असतो आणि एखाद्या बलाने त्याला ढकलले की रेषा जन्मते. एकच बल असेल तर रेषा सरळ राहते, दोन बले आळीपाळीने काम करू लागली की ती मोडून कोन होतो, आणि दोन्ही बले एकाच वेळी काम करू लागली की वक्र तयार होतो. चित्राचा कागददेखील त्याला कोरा वाटत नाही. वरच्या भागात हलकेपणा व मोकळीक, खालच्या भागात जडपणा व बंधन, डावीकडे दूरचा प्रवास आणि उजवीकडे घराची ओढ असते, असे त्याने लिहिले. यातील डाव्या-उजव्याचा भाग वादग्रस्त आहे, कारण डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या मराठी वाचकाची नजर आणि उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या उर्दू वाचकाची नजर एकाच सवयीने चित्रात शिरेल असे गृहीत धरता येत नाही. परंतु वर-खालच्या भागाविषयी त्याचे म्हणणे नाकारणे कठीण आहे. गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखेच लागू असते. पडलेला माणूस आडवा असतो, उभा माणूस सावध असतो आणि तिरका माणूस एकतर पडत असतो नाहीतर धावत असतो. आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेषेचा भाव या शरीरानुभवातून येतो.

कान्डिन्स्कीचे 'कॉम्पोझिशन आठ' हे 1923 सालचे सुमारे दोन मीटर रुंदीचे चित्र न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जांभळा गाभा असलेले एक मोठे काळे वर्तुळ आहे आणि उरलेल्या फिकट पृष्ठभर त्रिकोण, अर्धवर्तुळे, जाळ्या आणि तीक्ष्ण रेषा पसरल्या आहेत. एवढा जड आकार खाली असता तर चित्र बसून गेले असते. तो वर, कडेजवळ टांगल्यामुळे बाकीच्या सगळ्या बारीक आकारांच्या हालचालीला एक दडपण आणि एक केंद्र लाभते. त्रिकोणाच्या लघुकोनाचा वर्तुळाला होणारा स्पर्श हा मायकेलअँजेलोच्या चित्रात ईश्वराचे बोट आदमच्या बोटाजवळ येते त्याहून कमी परिणामकारक नसतो, अशा आशयाचे विधान त्याने पुढे केले. ते अतिशयोक्त वाटते खरे. पण मायकेलअँजेलोच्या त्या चित्रात दोन बोटे टेकलेली नाहीत, त्यांच्यात जेमतेम फट आहे, आणि चार चौरसांच्या स्वाध्यायातला ताण त्याच फटीतून येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे विधानातला जोर पटतो.

कान्डिन्स्कीने भावनेचे व्याकरण शोधले, तर त्याचा समकालीन काझिमीर मालेविच (1879–1935) याने व्याकरणाला फाटा देऊन थेट भावनेचाच हक्क सांगितला. 1915च्या अखेरीस पेट्रोग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, येथील '0,10' या प्रदर्शनात त्याने 'काळा चौरस' मांडला. सुमारे 80 सेंटिमीटर बाजूच्या पांढऱ्या कॅनव्हासवर एकच काळा चौरस, आणि तो टांगला कुठे, तर भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे श्रद्धाळू रशियन घरांत देवप्रतिमा ठेवली जाई. आपल्या पंथाला त्याने 'सुप्रेमॅटिझम' हे नाव दिले; कलेत वस्तूच्या चित्रणापेक्षा शुद्ध संवेदनेचे श्रेष्ठत्व मानणारा पंथ, असा त्याचा अर्थ. चौरस म्हणजे संवेदना आणि भोवतालचा पांढरा म्हणजे संवेदनेपलीकडची पोकळी, असे त्याचे स्पष्टीकरण होते.

हे चित्र पुस्तकातल्या छपाईत पाहणारा बहुधा निराश होतो, कारण छापील चौरस कोरडा आणि काटेकोर दिसतो. प्रत्यक्ष चित्रातील आकार भूमितीच्या अर्थाने चौरस नाहीच. त्याच्या कडा चौकटीच्या कडांशी नेमक्या समांतर नाहीत, हाताने ओढलेल्या आहेत, आणि काळा रंग भेगाळून त्याखालचे रंग डोकावतात. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतील तज्ज्ञांनी क्ष-किरण तपासणीनंतर 2015 साली जाहीर केले की या काळ्या रंगाखाली आधीची दोन रंगीत चित्रे दडलेली आहेत. कडांच्या त्या किंचित वाकडेपणामुळे चौरस स्थिर न राहता श्वास घेतल्यासारखा वाटतो, आणि म्हणून हे चित्र पाटीसारखे निर्जीव होत नाही. 1918 सालच्या त्याच्या पांढऱ्यावर पांढऱ्या चौरसाच्या चित्रात तर चौरस कलता आहे, वर सरकलेला आहे आणि भोवतालपासून केवळ छटेच्या फरकाने वेगळा आहे. काळ्या चौरसातला दबदबा येथे पूर्णपणे ओसरतो आणि तरंगण्याचा, जवळपास विरघळण्याचा भाव येतो. दोन्ही चित्रांत आकार एकच असून परिणाम इतका विरुद्ध व्हावा, ही गोष्ट कोणत्याही कोष्टकात बसणारी नाही.

चित्रकार हे दावे करीत असताना मानसशास्त्रज्ञांनी त्यांची कसोटी लावायला सुरुवात केली होती. हेल्गे लुंडहोम याने 1921 साली प्रयोगात सहभागी झालेल्यांना दुःखी, शांत, आनंदी, संतप्त अशा शब्दांसाठी रेषा काढायला सांगितल्या, तेव्हा संतापाच्या रेषांत टोकदार कोन आले, शांततेच्या रेषा मोठ्या व मंद वळणाच्या झाल्या आणि दुःखाच्या रेषा खाली उतरल्या. पॉफेनबर्गर आणि बॅरोज यांनी 1924 साली उलट बाजूने, म्हणजे तयार रेषा दाखवून त्यांना भाववाचक शब्द जोडायला लावून, साधारण याच दिशेचे निष्कर्ष काढले. वुल्फगांग कोहलर याने 1929 साली एक गोलसर आणि एक काटेरी आकार दाखवून दोन निरर्थक नावांपैकी कोणते कोणाचे, असे विचारले. 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी पुढे प्रसिद्ध झालेला हा प्रयोग 2022 साली प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात 25 भाषांच्या भाषकांवर केला गेला आणि सुमारे 72 टक्के उत्तरे 'बूबा म्हणजे गोल, किकी म्हणजे काटेरी' अशी आली. भाषा आणि लिपी वेगळ्या असूनही बहुमत एका बाजूला झुकते. पण उरलेले 28 टक्केही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत, कारण कलाकृतीसमोर उभा राहणारा प्रत्येक प्रेक्षक बहुमतातलाच असेल असे नाही.

या सर्वांत सर्वाधिक बोलका प्रयोग फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांचा होय. 1944 साली त्यांनी सुमारे अडीच मिनिटांची एक चित्रफीत तयार केली, ज्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक छोटे वर्तुळ हे तीन आकार, दार असलेल्या एका आयताच्या आतबाहेर हालचाल करतात. जे दिसले त्याचे वर्णन करा, एवढेच पहिल्या गटातील 34 विद्यार्थिनींना सांगितले गेले, आणि त्यांपैकी केवळ एकीने भूमितीच्या भाषेत उत्तर दिले. बाकीच्यांना तिथे दांडगाई करणारा मोठा त्रिकोण दिसला, धीट लहान त्रिकोण दिसला, घाबरून घरात दडणारे वर्तुळ दिसले, पाठलाग आणि सुटका दिसली. मोठ्या त्रिकोणाला दुष्टपणा त्याच्या कोनांनी दिला नाही. लहानाला कोपऱ्यात रेटण्याच्या त्याच्या हालचालीने दिला. दोन त्रिकोणांचा आकार सारखा असूनही एक खलनायक आणि दुसरा नायक ठरला, यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ रुडॉल्फ आर्नहाइम यांनी 'कला आणि दृश्यसंवेदन' या 1954 सालच्या ग्रंथात या सगळ्याचा सैद्धान्तिक अर्थ लावला. महाविद्यालयातील नर्तकांच्या एका गटाला दुःख, सामर्थ्य आणि रात्र या विषयांवर उत्स्फूर्त हालचाली करायला सांगितल्यावर दुःखाच्या हालचाली जवळपास सर्वांच्याच मंद, लहान आवाक्याच्या, वळणदार आणि ताण सुटलेल्या झाल्या, असा दाखला त्यांनी दिला आहे. यावरून त्यांचे प्रतिपादन असे की दुःखी माणसाचे शरीर, दुःखाचा मनोव्यापार आणि दुःखी भासणारी रेषा या तिन्हींत बलांची रचना सारखी असते, म्हणून रेषा पाहताना आधी विचार करून मग 'ही दुःखी आहे' असे अनुमान काढावे लागत नाही, ते दिसतेच. मेंदूतील प्रक्रियांविषयी त्यांच्या काळच्या कल्पना आज जशाच्या तशा स्वीकारल्या जात नाहीत, पण चित्रकाराच्या दृष्टीने हे विवेचन अजूनही उपयोगी पडते.

सिद्धान्ताकडून हातकामाकडे यायचे तर मॉली बँग या अमेरिकी बालपुस्तक-चित्रकर्तीचे 1991 सालचे 'पिक्चर धिस' हे पुस्तक पाहावे. लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची युरोपीय लोककथा त्यांनी काळा, पांढरा, लाल आणि फिकट जांभळा एवढ्याच रंगांच्या कागदाच्या कपट्यांतून उभी केली आहे. मुलगी म्हणजे एक लहान लाल त्रिकोण. तो रुंद पायावर बसलेला असल्याने स्थिर आहे, लाल असल्याने उठून दिसतो, पण त्यात गोडवा आहे की भीती, हे अजून ठरलेले नाही. मग त्याभोवती जंगल येते : काळ्या, उंच, सरळ पट्ट्या, ज्यांची वरची टोके चित्राबाहेर गेलेली आहेत, त्यामुळे त्यांची उंची पाहणाऱ्याला मोजता येत नाही. लाल त्रिकोण लहान करून झाडांच्या मध्ये मागे सरकवला की मुलगी एकटी पडते. झाडे तिरकी केली आणि जमीन उतरती केली की सगळे जंगल तिच्या अंगावर येते. शेवटी लांडगा येतो, मोठा, काळा, टोकदार त्रिकोणांचा. बँग त्याचे सुळे आणि कान गोलसर करून पाहतात आणि तो जवळपास निरुपद्रवी वाटू लागतो. पुन्हा टोकदार करतात, डोळा लाल करतात, आणि भीती परतते. डोळ्याचा तांबडा रंग आणि मुलीचा तांबडा रंग एकच असल्याने दोघांत नजर धाव घेऊ लागते, लांडग्याचे लक्ष तिच्यावरच आहे हे न सांगता कळते. लाल त्रिकोणाला कुठेही तोंड-डोळे काढलेले नाहीत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या आकारात फारसा बदलही केलेला नाही. भित्रा झाला तो शेजाऱ्यांमुळे. कठोर अर्थाने हे अमूर्त चित्र नव्हे, त्यात गोष्ट आहे, तरीही अमूर्त रचनेचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक दुसरे सापडणे कठीण.

याच साधनांचा राजकीय वापरही झाला आहे. एल लिसित्स्की या रशियन चित्रकाराने यादवी युद्धाच्या काळात काढलेल्या भित्तिपत्रकात एक लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसते, आणि लाल सेना व पांढरी सेना हा संदर्भ ठाऊक नसलेल्यालाही तिथला आघात जाणवतो. मात्र वार कोणी करावा व कोणाच्या बाजूने उभे राहावे हे केवळ आकार सांगत नाहीत. त्यासाठी पत्रकावरचे शब्द आणि रंगांचे तत्कालीन अर्थ लागतात.

येथे या साधनाची मर्यादा मान्य केली पाहिजे. ताण, शांती, दडपण, एकाकीपणा, धमकी, उल्हास, तोल जाणे, सावरणे या शरीराशी बांधलेल्या वृत्ती भौमितिक आकारांना उत्तम साधतात. मत्सर, पश्चात्ताप, कृतज्ञता, घराची आठवण यांसारख्या भावनांना मात्र कोणीतरी व्यक्ती आणि काहीतरी प्रसंग लागतो, आणि तो पुरवण्याचे सामर्थ्य त्रिकोण-चौरसांत नाही. अशा वेळी शीर्षक मदतीला धावते. मालेविचच्या 1915 सालच्या लाल चौरसाला शेतकरी स्त्रीचा उल्लेख असलेले शीर्षक होते, आणि ते वाचल्यावर चौरस निराळा दिसू लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अॅग्नेस मार्टिन (1912–2004) या चित्रकर्तीने सहा फूट बाजूच्या चौरस कॅनव्हासवर पेन्सिलीच्या बारीक रेषांची जाळी वर्षानुवर्षे रेखली आणि उत्तरायुष्यातील चित्रांना 'कृतज्ञता' यांसारखी नावे दिली. कृतज्ञता त्या रेषांतून वाचता येणार नाही. निर्मळ, बिनओझ्याचे, सावकाश वाढणारे समाधान मात्र निश्चित जाणवते. आणि त्यामागे एक सूक्ष्म हिशेब आहे, तो असा की कॅनव्हास चौरस असला तरी जाळीतील घरे किंचित आयताकृती ठेवल्याने मोठ्या चौरसाचा जडपणा हलका होतो, असे तिनेच सांगितले होते.

भारतात या वाटेने गेलेल्यांमध्ये नसरीन मोहम्मदी (1937–1990) यांचे काम या विवेचनाच्या सर्वांत जवळ येते. कराचीत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि 1972पासून बडोद्याच्या कलाविद्याशाखेत शिकवणाऱ्या या चित्रकर्तीने कागदावर शाई व पेन्सिलीने, आराखडे काढण्याच्या उपकरणांच्या साहाय्याने, समांतर आणि तिरक्या रेषांच्या रचना केल्या, ज्यांत वस्तू नाही, रंग जवळपास नाही आणि बहुतेकदा शीर्षकही नाही. रेषा एका बाजूला दाट होत जातात, दुसऱ्या बाजूला विरळ होत कागदात हरवतात, आणि काही रचनांत एखादा तिरका पट्टा अधांतरी वर उचललेला असतो. त्यांना हातापायांवरील ताबा हळूहळू हिरावून घेणारा आजार होता, याचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लेखनात आवर्जून होतो. परंतु चरित्र ठाऊक नसलेला प्रेक्षकही त्या रेषांपुढे आवाज खाली आणतो, आणि याचे श्रेय रेषांच्या अंतरांना द्यायला हवे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2016 साली 'मेट ब्रॉयर' ही शाखा उघडताना त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा महाराष्ट्रात अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले, ही गोष्ट फारशी अभिमानाची नाही.

सय्यद हैदर रझा (1922–2016) यांचा मार्ग वेगळा. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले आणि 1950 साली पॅरिसला गेलेले रझा 1980च्या सुमारास बिंदूकडे वळले. त्यांच्या काळ्या बिंदूचा परिणाम अंशतः रचनेतून येतो : चौरसात बसवलेले वर्तुळ, त्याभोवती चढत्या क्रमाने उजळणारे पट्टे, नजर आत ओढून धरणारी सममिती. अंशतः तो परंपरेतून येतो, कारण बीज, शून्य, ध्यान हे संदर्भ भारतीय प्रेक्षक आपल्याबरोबर घेऊनच चित्रासमोर येतो, आणि 1981 सालच्या 'माँ' या चित्रात तर रझांनी देवनागरी अक्षरांत ओळ लिहून आईच्या भूमीची ओढ शब्दांतही नोंदवली. मोहम्मदींच्या रेषांना असा वारसा पाठीशी घेता येत नाही. त्यांना प्रत्येक वेळी शून्यातून उभे राहावे लागते. म्हणून, लोकप्रियता रझांच्या बाजूने असली, तरी भौमितिक आकारांची निखळ भावक्षमता तपासायची तर मोहम्मदी हीच अधिक कठीण आणि अधिक खरी कसोटी आहे.

आपल्या शाळांतील चित्रकलेच्या तासाला भौमितिक आकार अजूनही प्रामुख्याने नक्षीपुरते येतात आणि मुलांना रंग रेषेबाहेर जाऊ न देण्याची शिकवण मिळते. कलाशिक्षकांनी वर्षातून निदान एक तास चार काळ्या चौरसांना द्यावा, फळ्यावर 'भीती', 'एकटेपणा' किंवा 'सुट्टी' यांपैकी एकच शब्द लिहावा, आणि मुलांनी मांडलेल्या रचना नावे झाकून शेजारच्या वर्गाला दाखवून त्यांनी ओळखलेला शब्द विचारावा. शब्द ओळखला गेला नाही तर एखादा चौरस बोटभर सरकवून पुन्हा विचारावे. या प्रयोगाला लागणारा खर्च एका काळ्या घोटीव कागदाचा आणि कात्रीचा आहे.